तरुणांच्या हृदयाची तपासणी : सरकारचे कर्तव्य आणि आपला हक्क

(पालक व तरुण कार्यकर्ते ह्यांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो वरकरणी वैद्यकाचा विषय आहे. मी डॉक्टर नाही. वकिली हा माझा व्यवसाय. तेव्हा ह्या वकिलाने हृदयरोगाच्या भानगडीत का पडावे, असे आपणांपैकी काहींच्या मनात येणे साहजिक आहे. मुलाच्या हृदयात दोष आहे की नाही हे पाहणे डॉक्टरचे काम होय. परंतु ते पाहण्याचा खर्च कोणी करावा, दोष आढळल्यावर पुढील उपचारास कोण बांधील आहे, आणि बांधील असलेल्याने अंग चोरले तर त्याला जाब कोठे विचारावा, हे प्रश्न कायद्याचे आहेत. ह्या प्रश्नांची उत्तरे ठाऊक नसल्यामुळे आपल्या वस्त्यांतील किती तरी मुले तपासली जाऊनही उपचारावाचून राहतात. म्हणून मी हा विषय निवडला.

रोग कोणते व ते कोणाला गाठतात

तरुण वयात हृदयाला होणाऱ्या विकारांचे ढोबळ मानाने तीन वर्ग करता येतील.

पहिला वर्ग जन्मजात दोषांचा. दर हजार जन्मांमागे सुमारे आठ ते नऊ बालकांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. कोणाच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र असते, कोणाची रक्तवाहिनी अरुंद असते. त्यांतील काही छिद्रे आपोआप भरून येतात. काहींवर वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर मूल पुढे चारचौघांसारखे जगते.

दुसरा वर्ग ऱ्हुमॅटिक तापातून उद्भवणाऱ्या हृदयरोगाचा. ह्याविषयी मी पुढे विस्ताराने बोलेन, कारण हा रोग विशेषेकरून गरिबाच्या घरचा आहे.

तिसरा वर्ग छुपा आहे. हृदयाचा स्नायू वाजवीपेक्षा जाड होणे किंवा हृदयाचे ठोके चालविणाऱ्या विद्युत्-प्रवाहात बिघाड असणे, असे हे दोष पुष्कळदा आनुवंशिक असतात. असा तरुण बाहेरून धडधाकट दिसतो. मैदानावर धावतो, कबड्डी खेळतो, आणि एखादे दिवशी अकस्मात कोसळतो.

अलीकडे अशा आकस्मिक मृत्यूंची चित्रे मोबाइलवरून घरोघर फिरतात आणि त्यांबरोबर अफवाही फिरतात. करोनाच्या लसीमुळे तरुण मरत आहेत, ही त्यांतीलच एक अफवा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १८ ते ४५ वयोगटातील आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास करून २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. लसीमुळे हा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. उलट घराण्यात पूर्वी कोणी असे अकस्मात दगावलेले असणे, करोनाने रुग्णालयात दाखल व्हावे लागलेले असणे, बेसुमार मद्यपान व मृत्यूपूर्वीच्या काळातील अतिश्रम ह्या गोष्टींशी त्या मृत्यूंचा संबंध दिसून आला. ह्यातून प्रत्येक कुटुंबाने एक गोष्ट घ्यावी. आपल्या भावकीत कोणी चाळिशीच्या आत एकाएकी गेले असेल, तर दैवाला बोल लावून गप्प बसू नये. ती हकीकत डॉक्टरला सांगावी व घरातील मुलांची तपासणी करून घ्यावी.

दाटीवाटीचा रोग

आता ऱ्हुमॅटिक हृदयरोगाकडे वळू. ह्याचा आरंभ अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या घसादुखीतून होतो. स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू घशात शिरतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना हा त्रास अधिक. दोन-तीन आठवड्यांनी मुलाला ताप येतो. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा, परवा कोपर. मग सांधे बरे होतात आणि आई-बाप निश्चिंत होतात. परंतु जंतूशी लढण्यासाठी उठलेली शरीराची शक्ती चुकून स्वतःच्या हृदयाच्या झडपांवर उलटलेली असते. घसा पुनःपुन्हा बिघडला की झडपेवर पुनःपुन्हा घाव बसतो. वीस-पंचवीस वर्षांच्या वयात जिना चढताना दम लागू लागतो, तेव्हा झडप निकामी होत आलेली असते.

हा जंतू श्वासातून व थुंकीच्या तुषारांतून पसरतो. एका खोलीत सात-आठ माणसे निजत असतील तर एकाचा घसा सर्वांचा होण्यास वेळ लागत नाही. युरोपातील डेन्मार्कसारख्या देशांत पेनिसिलीन निघण्याच्या आधीपासूनच हा रोग ओसरू लागला होता, कारण तेथील लोकांची घरे सुधारली व गर्दी हटली. हा रोग जात विचारीत नाही हे खरे. पण तो घर पाहून येतो, आणि कोणाला कसले घर मिळते हे आपल्या देशात दीर्घकाळ जातीनेच ठरविले आहे. २०१५ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे सुमारे ३ कोटी ३० लाख लोकांना हा रोग होता व त्या एका वर्षात ३ लाखांवर माणसे त्याने मेली. त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू एकट्या भारतातील होते.

ह्यावरचा उपाय जुना व स्वस्त आहे, ही सर्वांत संतापजनक गोष्ट होय. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध मिळाले तर ताप टळू शकतो. ताप येऊन गेला असेल तर बेंझाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, डॉक्टर सांगेल तितकी वर्षे, न चुकता घ्यावे लागते. आफ्रिकेतील युगांडा देशात ५ ते १७ वर्षांच्या ८०० हून अधिक मुलांवर ह्याची रीतसर परीक्षा झाली. ह्या मुलांचा रोग आरंभीच्या, छुप्या अवस्थेत होता. दोन वर्षांत, इंजेक्शन न मिळालेल्या शंभरांतील आठ मुलांचा रोग बळावला. इंजेक्शन मिळालेल्यांत हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होते. म्हणजे रोग लवकर सापडला तर थोड्या पैशांत थोपविता येतो. उशिरा सापडला तर त्याच मुलाची छाती उघडून कृत्रिम झडप बसवावी लागते. तपासणीचा अर्थ हा आहे.

आपल्याकडील व्यवस्था

आपल्या देशात अशी तपासणी मुळीच नाही असे नव्हे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये तीस प्रकारचे दोष व रोग शोधणे हे त्याचे काम आहे. जन्मजात हृदयदोष व ऱ्हुमॅटिक हृदयरोग हे दोन्ही त्या यादीत आहेत. फिरते आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शासकीय आणि अनुदानित शाळेत वर्षातून एकदा यावे, असा नियम आहे. पथकात एक पुरुष व एक स्त्री असे दोन डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. दोष आढळला तर मुलाला पुढे रुग्णालयात व जिल्ह्याच्या केंद्रात पाठवावयाचे, आणि शस्त्रक्रियेपर्यंतचा उपचार विनामूल्य द्यावयाचा, अशी ही योजना आहे. ह्या कार्यक्रमातून महाराष्ट्रात अनेक मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाल्या आहेत. त्याचे श्रेय द्यावयास मी कचरत नाही.

परंतु योजना कागदावर जितकी सलग दिसते तितकी प्रत्यक्षात नसते. तिला तीन ठिकाणी फटी आहेत.

पहिली फट तपासण्याच्या रीतीत. हृदयाच्या झडपेतून रक्त वाहताना होणारा बारीक आवाज, ज्याला डॉक्टर 'मर्मर' म्हणतात, तो वर्गाच्या गलबल्यात ऐकू येत नाही. मोझांबिक व कंबोडिया ह्या देशांतील शाळकरी मुलांच्या तपासणीचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या स्टेथॉस्कोपने जितकी मुले सापडली त्यांच्या सुमारे दसपट मुले इको यंत्राने सापडली. प्रत्येक शाळेत इको यंत्र न्या असे मी म्हणत नाही. पण निदान शांत खोली, शिकविलेला कान आणि शंका आली तर जवळच्या रुग्णालयात इकोची ठरलेली तारीख, एवढे तरी मागितलेच पाहिजे.

दुसरी फट तपासणी व उपचार ह्यांच्या दरम्यान. माझ्याकडे एक गृहस्थ जमिनीच्या कामासाठी आले होते. कागदांच्या पिशवीतून त्यांच्या मुलीचे शाळेचे आरोग्य कार्ड खाली पडले. त्यावर इंग्रजीत लिहिले होते की, मुलीच्या हृदयात मर्मर आहे, तिला जिल्हा रुग्णालयात पाठवावे. तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. ते कार्ड त्यांनी जपून ठेवले होते. रेशनकार्डाबरोबर घडी करून ठेवले होते. पण त्यावर काय लिहिले आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सरकारच्या दप्तरी त्या मुलीची तपासणी 'झाली' होती.

तिसरी फट वयाची व दाराची. ही तपासणी शाळेच्या दारातून येते. जो मुलगा वीटभट्टीवर गेला, जी मुलगी आई-बापांबरोबर ऊसतोडीला गेली, जिचे लग्न लावून दिले, त्यांच्यापर्यंत हे पथक पोहोचत नाही. आणि अठरा वर्षे पूर्ण झाली की शाळेत असलेल्यालाही ते पारखे होते. ज्यांना गरज अधिक, तेच प्रथम गळतात.

इतर देशांचा अनुभव

जपानने १९७३ साली शाळांतून हृदयतपासणीची पद्धत सुरू केली. १९९५ पासून तेथे पहिली, सातवी व दहावी इयत्तेत प्रत्येक मुलाचा ईसीजी काढणे बंधनकारक आहे. इटलीने १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूस ईसीजीसह तपासणी सक्तीची केली; पुढील दोन दशकांत तेथील व्हेनेतो प्रांतात तरुण खेळाडूंचे आकस्मिक मृत्यू ८९ टक्क्यांनी घटल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. ह्याउलट इस्राएलने १९९७ साली तसाच कायदा केला, पण तेथे मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडल्याचे दिसले नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय समितीने २०१५ साली सर्व तरुणांच्या सरसकट तपासणीची शिफारस करण्याचे नाकारले. ईसीजी निरोग्यालाही रोगी ठरवितो आणि रोग्यालाही कधी निरोगी म्हणून सोडतो, हे त्यांचे एक कारण होते.

ह्या मतभेदाने गोंधळून जाण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन व युंगनर ह्या दोघांनी १९६८ साली तपासणीची जी तत्त्वे मांडली, त्यांत एक तत्त्व असे की, सापडलेल्या रोग्यास मान्य उपचार व त्याची सोय उपलब्ध असली पाहिजे. छुप्या विद्युत्-दोषांसाठी सर्वांचा ईसीजी काढावा की नाही, ह्यावर तज्ज्ञांना वाद घालू द्या. जन्मजात छिद्र आणि ऱ्हुमॅटिक झडप ह्यांच्यावरील उपचार सिद्ध झालेले आहेत. तेथे आपली मागणी निःसंदिग्ध असावी.

कायदा काय म्हणतो

आता माझ्या प्रांतात येतो. संविधानाचे कलम ३९, खंड (च) सांगते की, बालकांना निरोगी रीतीने वाढण्याची संधी व सोयी मिळतील असे धोरण राज्याने आखावे. कलम ४७ सांगते की, लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याच्या आद्य कर्तव्यांपैकी एक आहे. ही मार्गदर्शक तत्त्वे होत. कलम ३७ अन्वये केवळ त्यांच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. परंतु ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ह्याच आक्षेपाला उत्तर देताना बाबासाहेबांनी बजावले होते की, जो कोणी सत्तेवर येईल त्याला ही तत्त्वे डावलता येणार नाहीत. न्यायालयात नसले तरी निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे त्याला त्यांचा जाब द्यावा लागेल. म्हणजे मत मागावयास येणाऱ्यास 'आमच्या तालुक्यातील किती मुलांची हृदये तपासली?' असा प्रश्न करणे हा संविधानाने अपेक्षिलेला व्यवहार आहे.

शिवाय सर्वोच्च न्यायालयाने कलम २१ मधील जीविताच्या हक्कात आरोग्याचा अंतर्भाव केला आहे. १९९६ साली पश्चिम बंग खेत मजूर समितीच्या खटल्यात, रेल्वेतून पडून जबर जखमी झालेल्या मजुराला एकामागून एका सरकारी रुग्णालयाने परत लावल्याबद्दल न्यायालयाने राज्याला २५,००० रुपये भरपाई द्यावयास लावली, आणि पैशांची अडचण ही सबब जीविताच्या हक्कापुढे चालणार नाही असे सांगितले. तो खटला तातडीच्या उपचाराचा होता, शालेय तपासणीचा नव्हता, हे मी वकील म्हणून आपणांपासून लपविणार नाही. पण त्यातील तत्त्व आपल्या कामाचे आहे.

माझे मुख्य म्हणणे असे. कायद्यात 'जाणीव' ह्या गोष्टीला फार महत्त्व आहे. मला ठाऊकच नव्हते, असे म्हणणाऱ्याचा बचाव एक वेळ ऐकून घेता येतो. परंतु ज्या दिवशी सरकारी पथकातील डॉक्टर आपल्या मुलाच्या कार्डावर दोष लिहितो, त्या दिवशी सरकारला त्या दोषाची जाणीव झाली. त्यानंतर ते मूल उपचारावाचून राहिले तर तो नशिबाचा फेरा नव्हे. ती जाणूनबुजून केलेली हयगय होय. म्हणून ते कार्ड म्हणजे सरकारने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला जबाबदारीचा कागद आहे, हे ओळखा. तो घडी करून ठेवण्यासाठी नाही.

आपण काय करावे

पहिली गोष्ट, तपासणीच्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा आणि संध्याकाळी कार्ड पाहा. इंग्रजी वाचता येत नसेल तर वस्तीतील शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. पुढे पाठविण्याचा शेरा असेल तर तारीख, ठिकाण व डॉक्टरचे नाव लिहून मागा.

दुसरी गोष्ट, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक व निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि वंचित वर्गांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. त्या जागा रिकाम्या सोडू नका. पथक केव्हा आले, किती मुलांना पुढे पाठविले, त्यांचे काय झाले, हे समितीच्या इतिवृत्तात दर वर्षी लिहवून घ्या.

तिसरी गोष्ट, उत्तर मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तीही नाही. तीस दिवसांत उत्तर दिले पाहिजे. तीन आकडे विचारा : हृदयदोषाच्या संशयाने पाठविलेली मुले किती, त्यांतील प्रत्यक्ष तज्ज्ञाकडे पोहोचलेली किती, उपचार पूर्ण झालेली किती. ह्या तीन आकड्यांतील अंतर म्हणजे सरकारच्या हयगयीचे माप होय.

चौथी गोष्ट मी विशेषतः भगिनींना सांगतो. मुलीच्या हृदयात दोष निघाला तर तिचे लग्न मोडेल, म्हणून तो लपविण्याची रीत आपल्यातही आहे. गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो. झडप अरुंद असलेली मुलगी तोवर कशीबशी चालते-फिरते आणि त्या काळात एकाएकी अत्यवस्थ होते. लपविलेल्या दोषाची किंमत ती आपल्या जिवाने भरते. लग्नापेक्षा लेक मोठी. तिचे दर महिन्याचे इंजेक्शन चुकवू नका आणि ते घेताना लाजू नका.

भरतीच्या मैदानावर

शेवटी आपल्या तरुणांविषयी. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर पोलीस व सैन्यभरतीसाठी धावणारी मुले आपण रोज पाहतो. नोकरीच्या आशेने गरिबाचा मुलगा जीव तोडून धावतो. २०२४ साली झारखंडमध्ये उत्पादनशुल्क खात्याच्या शिपाई भरतीत पुरुष उमेदवारांना साठ मिनिटांत दहा किलोमीटर धावावयाचे होते. त्या भरतीत दहाहून अधिक उमेदवार मरण पावले. मृत्यूंच्या कारणांविषयी तेथे वाद झाला, व त्याचा निवाडा मी येथे करीत नाही. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. आपल्याकडील पोलीस भरतीत वैद्यकीय तपासणी होते ती निवड झाल्यानंतर; धावावे लागते ते आधी. म्हणजे ती तपासणी खात्याला निरोगी शिपाई मिळावा म्हणून आहे, उमेदवाराचा जीव वाचावा म्हणून नाही. सरकार ज्याला धावावयास सांगते, त्याची छाती धावण्यापूर्वी सरकारने सरकारी खर्चाने तपासावी, त्याच्या घराण्याचा वृत्तांत विचारावा, आणि संशय असेल तेथे ईसीजी व इको करून घ्यावा. ही मागणी अवाजवी नाही. अठराव्या वर्षी शाळेचे दार बंद झालेल्या आपल्या तरुणांपर्यंत तपासणी नेण्याचा तो एक व्यवहार्य मार्गही आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, मी आपणांस दया मागावयास सांगत नाही. पथकाची मोटार गावात येते ती आपण भरलेल्या करातून येते. काडीपेटीपासून पायताणापर्यंत आपण जे विकत घेतो त्यात तो कर आहे. येत्या तपासणीला आपले मूल उभे करा, कार्ड वाचा, तीन आकडे विचारा, आणि शेजाऱ्याच्या मुलासाठीही विचारा. पुढील वर्षी आपण पुन्हा भेटू तेव्हा प्रत्येक गावाने ते आकडे बरोबर आणावेत, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.

जय भीम.